मरिन टाकीतला नवा मासा: क्वारंटाइन आणि उपचार, पहिल्या दिवसापासून

मरिन टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्याची टाकी, नव्याने लावणारे बहुतेक जण लाइट, स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र), लाइव्ह रॉक (जीवाणूंची वस्ती असलेले सच्छिद्र दगड) यांवर भरपूर खर्च करतात आणि मासा मात्र दुकानातून आणून थेट टाकीत सोडतात. काही दिवसांत त्याच्या अंगावर पांढरे ठिपके दिसतात. दोन-चार दिवसांत ते आपोआप जातात, घरातले सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि मग पुढच्या आठवड्यात टाकीतले सगळेच मासे ठिपक्यांनी भरतात. तोवर उपचाराची सोपी वेळ निघून गेलेली असते, कारण प्रवाळ आणि शिंपले-कोळंबी असलेल्या टाकीत औषध घालता येत नाही. ठिपके गेले म्हणजे रोग गेला, ही समजूत या छंदात सर्वांत जास्त मासे मारते. तिच्यापासूनच सुरुवात करू.

परजीवीचं वेळापत्रक

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या एकपेशीय परजीवीमुळे होतो. गोड्या पाण्यातल्या माशांना होणाऱ्या ‘इक’ या ठिपक्यांच्या रोगाशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे गोड्या पाण्यातले उपाय इथे चालत नाहीत. हा जीव माशाच्या त्वचेच्या आत, वरच्या थराखाली बसून ३ ते ७ दिवस पोसतो. आपल्याला दिसणारा ठिपका तोच. त्वचेखाली असल्यामुळे पाण्यातलं औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोट भरलं की तो मासा सोडतो, वाळूला, दगडाला किंवा काचेला चिकटतो आणि स्वतःभोवती टणक कवच करतो. या कवचावरही औषध चालत नाही. आत तो विभागत राहतो आणि कवच फुटलं की शेकडो पिल्लं पाण्यात सुटतात. त्यांना साधारण दिवसभरात मासा गाठावाच लागतो, नाहीतर ती मरतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर.

कवच फुटायला कमीत कमी तीन दिवस लागतात. बहुतेक महिन्याभरात फुटतात, पण ७२ दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे. पुढे येणारे दिवसांचे बहुतेक आकडे याच वेळापत्रकातून निघाले आहेत. मासा बरा दिसतो म्हणून त्यातला एक दिवसही कापू नका.

टाकी कशी लावायची

क्वारंटाइन म्हणजे नवा मासा मुख्य टाकीत सोडण्यापूर्वी काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणं. त्यासाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी साधी काचेची टाकी क्लाऊनफिश, डॅमसेल, गोबी अशा लहान माशांना पुरते. टँग किंवा मोठा एंजल आणणार असाल तर तीन फुटी घ्या. दोन फुटी टाकीत काठोकाठ ५६ लीटर पाणी मावतं, प्रत्यक्षात आपण ५० लीटरच भरतो. हे ५० लीटर अंदाजाने भरू नका. मापाच्या बादलीने मोजून भरा आणि पाण्याच्या पातळीवर बाहेरून मार्करने रेघ मारा. औषधाचा प्रत्येक हिशेब या रेघेवर चालणार आहे. पाणी उडून पातळी खाली आली की रेघेपर्यंत साधं आरओचं पाणी घालायचं, मिठाचं नाही, कारण उडतं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं.

आत वाळू नको, लाइव्ह रॉक नको. दोन्ही कॉपर (उपचाराचं तांब्याचं औषध) शोषतात आणि परजीवीच्या कवचांना जागाही देतात. लपायला प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसीचे एल्बो आणि टी आणा. लपायला जागा नसलेला मासा घाबरून खाणं सोडतो, म्हणून एका माशाला निदान दोन-तीन तुकडे हवेत. बाकी सामान: स्पंज फिल्टर, एअर पंप, थर्मामीटर, बंद झाकण, रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा खारेपणा मोजणारं साधन) आणि अमोनियाचं टेस्ट किट. पाणी आरओचंच घ्या आणि मीठ मरिन टाकीसाठी मिळतं ते. किनाऱ्यावरून कॅनमध्ये भरून आणलेलं समुद्राचं पाणी नको. त्यात शहराचं सांडपाणी असतंच, शिवाय तुम्ही ज्यांना बाहेर ठेवू पाहताय ते परजीवीही असू शकतात.

तापमान २६-२७ अंश ठेवा. मुंबईत मे महिन्यात खोलीच ३२-३३ पर्यंत जाते आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. छोट्या टाकीला चिलर परवडत नसेल तर पाण्यावर वारा येईल असा छोटा पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात. पाणी मात्र झपाट्याने उडतं, तेव्हा रेघेकडे रोज बघा. एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या किंवा बॅटरीवर चालणारा एक जवळ ठेवा. पावसाळ्यात रात्री वीज गेली तर आजारी मासा सकाळची वाट बघू शकत नाही.

ही टाकी मुख्य टाकीपासून दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत हवी. एअर स्टोनमुळे उडणाऱ्या बारीक तुषारांतूनही वेल्व्हेट या दुसऱ्या रोगाचा (लक्षणं पुढे दिली आहेत) परजीवी एका टाकीतून दुसरीत जातो. जाळी, मग, पाइप, फडकं, सगळं वेगळं ठेवा. आधी मुख्य टाकीचं काम उरका, मग क्वारंटाइनचं, आणि हात कोपरापर्यंत धुवा.

अमोनिया

क्वारंटाइनमध्ये मासे दगावतात ते बऱ्याचदा रोगाने नाही, अमोनियाने. नवी टाकी, नवा स्पंज, त्यात माशाच्या मलमूत्रातला अमोनिया पचवणारे जीवाणू नाहीत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मासा पृष्ठभागावर धापा टाकू लागतो. मालकाला वाटतं औषध सोसलं नाही.

म्हणून मासा घ्यायच्या तीन-चार आठवडे आधी स्पंज मुख्य टाकीच्या सम्पमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) टाकून ठेवा, जीवाणू आपोआप बसतात. मुख्य टाकीच अजून तयार नसेल तर बाटलीतले जीवाणू घाला, थोडं अमोनियम क्लोराइड टाका आणि अमोनिया चोवीस तासांत शून्यावर येईपर्यंत थांबा. मासा आल्यावर पहिले दहा दिवस रोज अमोनिया तपासा. वाढलेला दिसला की अर्धं पाणी बदला. त्यासाठी मिठाचं पाणी आदल्या दिवशीच कालवून, हवा सोडून तयार ठेवलेलं असावं.

दुकानात आणि घरी

दुकानात मासा निवडताना तो खाताना बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. श्वास जलद आहे का, कल्ल्याची झाकणं दोन्ही बाजूंना सारखी हलतात का, पोट आत गेलंय का, हे बघा. त्याच पाण्यातला शेजारचा मासा आजारी असेल तर तुमचा निवडलेला मासाही आजारीच धरा. पैदाशीचे क्लाऊनफिश मिळत असतील तर तेच घ्या. कोचीच्या सीएमएफआरआय या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने ही पैदास आपल्याकडे यशस्वी केलेली आहे. असे मासे काचेत वाढलेले असतात, कोरडं खाणं खातात आणि रोग कमी आणतात. पण दुकानात समुद्रातून पकडलेल्या माशांबरोबर एकाच पाण्यात राहिले असतील तर हा फायदा गेला.

निघण्यापूर्वी दुकानदाराला त्याच्या पाण्याची सॅलिनिटी, म्हणजे खारेपणा (इथले आकडे विशिष्ट गुरुत्वाचे), विचारा. पुष्कळ दुकानांत ती १.०१८ ते १.०२० अशी कमी असते. तुमच्या क्वारंटाइन टाकीचं पाणी आधीच तेवढ्यावर आणून ठेवा. मासा कमी खाऱ्या पाण्यात सहज जातो, पण एकदम जास्त खाऱ्यात गेला तर त्याच्या अंगातलं पाणी खेचलं जातं. नंतर चार-पाच दिवसांत हळूहळू १.०२५ वर न्या.

घरी आल्यावर बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, तापमान जुळलं की मासा हाताने किंवा डब्याने उचलून टाकीत सोडा. तासभर थेंबथेंब पाणी मिसळत बसायची जुनी सवय लांबून आलेल्या माशाला घातक आहे. प्रवासात पिशवीत अमोनिया साठतो, पण माशाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा पीएच उतरलेला असतो, त्यामुळे तो अमोनिया बहुतांशी निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्या पाण्यात मासा जितका वेळ राहील तितके त्याचे कल्ले भाजतात. पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये ओता, टाकीत एक थेंबही नको.

पहिल्या दिवशी लाइट बंद ठेवा आणि औषध घालू नका. दुसऱ्या दिवशी खाणं द्या. कोरड्या खाण्याला तोंड लावत नसेल तर बाजारातली ताजी कोळंबी आणून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग बारीक चिरून द्या. बटरफ्लाय मासा कशालाच विचारत नसेल तर अर्ध्या शिंपल्यात उघडी ठेवलेली तिसरी (तिसऱ्या म्हणून विकतात तो शिंपल्याचा जीव) द्या, तिला चोच मारायचा मोह त्याला बहुधा आवरत नाही. टँगला नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, तुकडा क्लिपला लावा. लसणाने रोग बरा होतो असं अजून सांगितलं जातं. लसणाच्या वासाने एखादा मासा खायला पुढे येईल, परजीवी मरत नाही.

रोज ठरलेल्या वेळी मिनिटभर कल्ल्यांची हालचाल मोजून वहीत लिहा. आज किती, काल किती, यातला फरक तुम्हाला ठिपक्यांच्या आधी इशारा देतो.

काय झालंय ते ओळखा

क्रिप्टोकॅरिऑनमध्ये अंगावर आणि परांवर रवा सांडावा तसे सुटे, मोजता येतील असे ठिपके असतात. मासा दगडाला किंवा पाइपला अंग घासतो. खाणं सहसा चालू असतं. तुमच्या हातात काही दिवस असतात.

वेल्व्हेट म्हणजे अमिलूडिनियम ओसेलेटम. हा आधी कल्ल्यांवर बसतो, म्हणून अंगावर काही दिसण्यापूर्वीच मासा धापा टाकतो, खाणं सोडतो, पंपाच्या झोताकडे तोंड करून राहतो, उजेड टाळतो. अंगावरची सोनेरी-करडी बारीक झाक खोलीत अंधार करून बाजूने टॉर्च मारला तरच नीट दिसते, आणि कधी ती दिसायच्या आतच मासा जातो. इथे तासांचा हिशेब आहे. शंका आली की उपचार त्याच दिवशी सुरू करा, खात्री होण्याची वाट बघू नका.

ब्रूकलिनेला बहुधा क्लाऊनफिशला गाठतो. अंगावर पांढुरकी चिकट बुळबुळ येते, ती पदरासारखी सुटू लागते, रंग फिका पडतो. हा परजीवी माशावरच दुभागून वाढतो, त्यामुळे दोन दिवसांत होत्याचं नव्हतं होतं. यावर कॉपर चालत नाही. नवशिक्यांकडून इथेच वेळ वाया जातो.

अंगावर लालसर जखम, विशेषतः क्रोमिस किंवा अँथियसच्या कुशीवर, दिसली तर यूरोनेमाचा संशय घ्या. तो त्वचेतून आत स्नायूंत शिरतो आणि तिथे कोणतंही औषध पोचवणं अवघड असतं, म्हणून असा एक जरी मासा दुकानाच्या टाकीत दिसला तरी त्या टाकीतलं काही घेऊ नका. डोळे धुरकट होणं, मान झटकणं, अंग घासणं आणि ठिपके मात्र नाहीत, असं असेल तर फ्लूक म्हणजे चपटे कृमी असू शकतात. परांच्या कडांवर फुलकोबीसारखे पांढरे गोळे हा लिम्फोसिस्टिस. तो विषाणूचा आजार आहे, त्याला औषध नाही आणि लागतही नाही. पाणी आणि खाणं चांगलं ठेवलं की तो हळूहळू जातो.

कॉपर

क्रिप्टोकॅरिऑन आणि वेल्व्हेट या दोन्हींवर सर्वांत भरवशाचं औषध तांबंच आहे. पण नुसतं कॉपर म्हणून भागत नाही, कारण प्रत्येक औषधाची पातळी वेगळी असते. क्युप्रामाइन या कॉपरच्या औषधाची पातळी ०.५ मिलिग्रॅम प्रति लीटर. कॉपर पॉवरसारख्या चिलेटेड (दुसऱ्या रेणूंनी बांधून ठेवलेल्या) कॉपरची २ ते २.५. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर एका बाजूला मासा मरतो, दुसऱ्या बाजूला परजीवी जगतो. द्राक्षांवर आणि सुपारीवर बोर्डो मिश्रणासाठी वापरतात तो मोरचूद म्हणजेही कॉपर सल्फेटच, त्याची पातळी जेमतेम ०.१५ ते ०.२ आणि तीही खाऱ्या पाण्यात टिकत नाही. शेतीच्या दुकानातला मोरचूद शुद्ध नसतो. तो टाकीत घालू नका.

क्युप्रामाइन ४० लीटरला १ मिलिलीटर, म्हणजे आपल्या ५० लीटरला १.२५, आणि अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा तेवढंच. इन्सुलिनच्या सुई काढलेल्या सिरिंजने मोजा. चिलेटेड कॉपर दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने चढवा. मासा खाणं सोडत असेल तर चढवणं एक दिवस थांबवा, पण वेल्व्हेट असेल तर थांबायला वाव नाही, चोवीस तासांत पूर्ण पातळी गाठायची.

मोजायला रंग जुळवायच्या किटवर विसंबू नका. ०.३५ आणि ०.५ मधला फरक डोळ्यांना कळत नाही, आणि मासा जगणं-मरणं नेमकं त्या फरकात आहे. हॅना कंपनीचा हाय रेंज कॉपर चेकर महाग वाटेल, पण एका टँगच्या किमतीपुढे तो जड नाही. त्याची काचेची कुपी भरल्यावर बाहेरून कोरड्या मऊ कापडाने पुसा, आत बुडबुडा राहिला तर हलकेच टिचकी मारून घालवा. बोटाचा ठसा उमटला तरी आकडा हलतो. रोज मोजा, एकाच वेळी, आणि लिहून ठेवा.

पातळी पूर्ण झाल्या दिवसापासून मोजायला लागा. १४ दिवसांनी मासा पूर्णपणे स्वच्छ, कोरड्या करून पुन्हा भरलेल्या टाकीत हलवणार असाल तर १४ दिवस पुरतात. त्याच टाकीत राहणार असेल तर ३० दिवस द्या, कारण काचेवर कवचं असू शकतात. मध्ये पातळी खाली घसरली तर मोजणी पहिल्यापासून.

काही गोष्टी कटाक्षाने टाळा. कॉपर चालू असताना फिल्टरमधला कार्बन (कोळसा) आणि यूव्ही (अतिनील) दिवा काढून ठेवा. प्राइमसारखी अमोनिया बांधणारी औषधं क्युप्रामाइनबरोबर वापरू नका, त्यांनी तांब्याचं रूप बदलून ते जास्त विषारी होतं. अमोनिया वाढला तर पाणी बदला आणि नव्या १० लीटर पाण्यात आधीच ०.५ मिलिलीटर क्युप्रामाइन घाला, म्हणजे पातळी ढळत नाही. शार्क आणि रे यांना कॉपर कधीच द्यायचं नाही. मँडरिन, काही रॅस आणि छोटे एंजल यांना ते जड जातं.

कॉपर नको असेल तर

फक्त क्रिप्टोकॅरिऑनसाठी औषधाविनाही चालणारी एक रीत आहे, टँक ट्रान्सफर. कवच फुटायला किमान तीन दिवस लागतात, म्हणून दर ७२ तासांच्या आत मासा नव्या टाकीत किंवा टबमध्ये हलवायचा. ठिपका गळून मागच्या टबमध्ये राहतो, पिल्लं सुटायच्या आत मासा पुढे गेलेला असतो. बारा दिवसांत चार वेळा हलवलं की झालं. जुना टब, पाइप, एअर स्टोन ब्लीचने धुऊन पूर्ण वाळवायचे. पावसाळ्यात वस्तू तीन दिवसांत वाळतीलच असं नाही, तेव्हा सामानाचे दोनऐवजी तीन संच ठेवा. मासा हलवताना पाणी शक्य तितकं मागे सोडा. वेल्व्हेटवर या रीतीचा भरवसा धरू नका.

सॅलिनिटी १.००९ वर उतरवून चार आठवडे ठेवण्याची हायपोसॅलिनिटीही क्रिप्टोकॅरिऑनवर चालते, पण १.०११ झाली तरी ती फसू शकते आणि वेल्व्हेटला तिने काहीच होत नाही. मी नवशिक्यांना ती सुचवत नाही.

फ्लूक आणि ब्रूकलिनेला

फ्लूकवर प्राझिक्वांटेल, लीटरला २.५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० लीटरला १२५ मिलिग्रॅम. कृमींच्या अंड्यांवर ते चालत नाही, म्हणून पाच ते सात दिवसांनी अंडी फुटल्यावर दुसरा डोस द्यावा लागतो. ते सहज विरघळत नाही. कोमट पाण्यात चांगलं हलवून घाला आणि हवा वाढवा.

फ्लूक आहेत की नाही हे गोड्या पाण्याच्या डिपने, म्हणजे थोडा वेळ गोड्या पाण्यात बुडवून, कळतं. काळ्या टबमध्ये आरओचं पाणी घ्या, तापमान टाकीइतकं करा, चिमूटभर खाण्याचा सोडा घालून पीएच जुळवा, अर्धा तास हवा सोडा. मासा त्यात पाच मिनिटं ठेवा आणि एक क्षणही नजर हटवू नका. आडवा पडून हालचाल थांबली तर लगेच बाहेर काढा. फ्लूक असतील तर टबच्या काळ्या तळाशी पांढरे, चपटे, दोन-तीन मिलिमीटरचे कण दिसतील. धापा टाकणाऱ्या वेल्व्हेटच्या माशालाही या डिपने थोडा आराम पडतो, रोग मात्र जात नाही.

ब्रूकलिनेलावर फॉर्मलिनचा बाथ. ३७ टक्क्यांचं फॉर्मलिन, ६ लीटर टाकीच्याच पाण्यात १ मिलिलीटर, ४५ मिनिटं, भरपूर हवा सोडून, कारण ते पाण्यातला प्राणवायू खातं. बाटलीच्या तळाशी पांढरा साका असेल तर ती फेकून द्या, तो माशाला जास्त घातक असतो. फॉर्मलिन कर्करोगकारक आहे. हातमोजे घाला, खिडकी उघडा, मुलांना लांब ठेवा. बाथनंतर मासा स्वच्छ टाकीत सोडा, जुन्यात नाही.

सुजलेले दोन्ही डोळे, सडणारे पर, अंगावरचे व्रण ही जीवाणूंची कामं असतात. त्यासाठी मेडिकलमधून मनाने अँटिबायोटिक आणू नका. माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याला फोटो आणि तुमची वही दाखवा.

सगळं ओळीने

समुद्रातून पकडलेला मासा असेल तर माझा क्रम असा: तीन-चार दिवस फक्त खाणं आणि निरीक्षण, मग कॉपर, मग स्वच्छ पाण्यात प्राझीचे दोन डोस, मग औषधाविना दोन आठवडे. एकूण सहा ते आठ आठवडे. शेवटचे दोन आठवडे गाळायचा मोह होतोच, कारण मासा तेव्हा झकास दिसतो. पण औषधाखाली दबलेला रोग याच काळात डोकं वर काढतो. खात्रीच्या जागेवरून आलेल्या पैदाशीच्या क्लाऊनफिशला मी औषध देत नाही, सहा आठवडे नुसतं बघतो.

रोग आधीच मुख्य टाकीत शिरला असेल तर एकच मार्ग: सगळे मासे बाहेर काढून वर सांगितल्याप्रमाणे उपचार करा आणि टाकी माशांविना ७६ दिवस चालू ठेवा. प्रवाळ, गोगलगायी, कोळंबी आत राहू द्या, त्यांच्यावर हा परजीवी जगत नाही. या काळात दुसऱ्या माशांच्या टाकीतून आलेलं प्रवाळ, शंख किंवा दगड आत जाऊ देऊ नका. त्याला चिकटून एक कवच आलं तरी मोजणी पुन्हा एकपासून.

मासा मुख्य टाकीत नेताना लाइट मंद करा, जुने मासे दांडगाई करणारे असतील तर छिद्रांच्या डब्यात दोन दिवस ठेवून मग सोडा. क्वारंटाइनची टाकी ब्लीचने धुऊन उन्हात वाळवा. कॉपर वापरलेली टाकी, तिचे पाइप आणि स्पंज मुख्य टाकीत किंवा सम्पमध्ये कधीही जाऊ देऊ नका, मुरलेल्या तांब्याने कोळंबी आणि प्रवाळ मरतात. पुढच्या माशासाठी नवा स्पंज मात्र आजच सम्पमध्ये टाकून ठेवा.